उर्सुला आंटीची बंगलोरी

परवा माझी नात नाशिकहून लाल वाईनची बाटली घेऊन आली. ग्लासात दोन बोटं ओतली, ग्लास गोल गोल फिरवला, त्यात नाक खुपसलं आणि मला शिकवायला लागली, "आजी, घोट घे, पण लगेच गिळू नकोस हं. जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते का बघ. त्याला टॅनिन म्हणतात."

मी घोट घेतला, गालातून फिरवला आणि म्हटलं, "साल जास्त दिवस ठेवलीय ह्यांनी आत. चार दिवस आधी गाळायला हवी होती."

नातीचा ग्लास हातातच राहिला. स्वयंपाकघरातून सुनेनं मान बाहेर काढली. चतुर्थ्या, एकादश्या करणारी म्हातारी हे कुठून शिकली, असा प्रश्न दोघींच्या तोंडावर. शिकले उर्सुला आंटीकडून. आणि शिकताना मी त्या बाईचं काय केलं, हे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही. या वयात मला कोण रागावणार?

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही अंधेरी पश्चिमेला, अंबोली गावठाणाला चिकटून उठलेल्या एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचो. आमच्या मागच्या खिडकीखाली उर्सुला आंटीचं कौलारू घर. ती ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती गावकऱ्यांपैकी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण आमच्या पाठ्यपुस्तकातली नव्हे. बुटकी, रुंद, अंगात फुलाफुलांचा झगा, डोक्याला घट्ट रुमाल, आणि आवाज असा की ती कोंबड्यांना ओरडली तर आमच्या घरातले लोक शिस्तीत बसत.

आणि मी? पंचवीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. जंतू शोधायचे आणि मारायचे, याचा मला पगार मिळे. घरी आल्यावर तेच काम मी फुकटात करायचे. दाराच्या कड्या डेटॉलनं पुसायचे. फळं तर पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात अर्धा तास बुडवल्याशिवाय आमच्या घरात कुणाच्या तोंडात जात नसत. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "आमची सून फार शिकलेली आहे." मला ते खरं वाटायचं.

आंटीकडे मी पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन. तिच्या अंगणातून आंबूस वास येतो, चिलटं येतात, हे आरोग्याला बरं नाही वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग टोपलीतलं एक काळं, टपोरं, बियांचं द्राक्ष माझ्या तळहातावर ठेवलं.

"खा."

मी ते उजेडात धरून पाहिलं, नखानं साल सोलली, साल कागदात गुंडाळली, बिया काढल्या आणि उरलेला गर खाल्ला. आंटी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"खाल्लंस कुठे?" ती म्हणाली. "साल फेकलीस तिथे त्याचा रंग. बी फेकलंस तिथे त्याचा कडूपणा. तू नुसती साखर खाल्ली गो. वाण्याकडे मिळते ती."

माणसं जोखायची तिची हीच पद्धत होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती एक द्राक्ष देई आणि तो कसा खातो ते बघे. बी न बघता गिळणारा माणूस तिच्या मते घाईत लग्न करतो. साल थुंकणारा भित्रा. मुलगी मॅगी हिच्यासाठी वसईहून आलेल्या मुलानं द्राक्ष सालीबियांसकट चावून चावून खाल्लं आणि शेवटी तोंड वाकडं करून "आणखी एक?" म्हणाला, तेव्हाच म्हणे आंटीनं लग्न ठरवून टाकलं. घरदार, पगार, सगळं नंतर.

ही द्राक्षं म्हणजे बंगलोरी. बाजारात तेव्हा गोऱ्यापान, लांबट द्राक्षांची चलती होती. ही काळी, जाड सालीची, बियांची पोर कोपऱ्यात पडून असे. आंटीचा जीव तिच्यावरच. "ती गोरी दिसायला बरी, पण एकच काम येतं, ताटात बसायचं," ती म्हणे. "ही बघ. ही कुठल्याही घरात नांदेल." आणि ती नांदवून दाखवी. पहिल्या रसाची वाईन. गाळून उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून शिरका, म्हणजे व्हिनेगर, तो डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट रश्श्यात, त्यांच्या इंदियालात. थोडी फळं साखरेत आटवून जॅम, तो नाताळात शेजाऱ्यांना. खोकला झालेल्या पोरांना गरम रस. आंटीच्या घरात वर्षभर त्या एका द्राक्षाची कुठली ना कुठली बरणी उघडी असायची. मीही हळूहळू साल चावायला शिकले. सालीखाली गोड, बीजवळ आंबट, आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेवर मांजरीनं पंजा फिरवल्यासारखा खरखरीतपणा. नात ज्याला टॅनिन म्हणते ते.

त्या वर्षी जानेवारीत मॅगीचं लग्न ठरलं, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारचं. आणि त्या घरात एक रीत होती. लग्नात नवऱ्या मुलाच्या आईला पहिला ग्लास नवरीच्या घरच्या वाईनचा द्यायचा. दुकानातली बाटली चालत नसे. आंटीच्या आईनं दिला, आजीनं दिला.

यात एक काटा होता. आंटीचा नवरा, जॉनी अंकल, आदल्या पावसाळ्यात गेला होता. दरवर्षी द्राक्षं तो चिरडायचा, कोपरापर्यंत हात घालून, आणि ती साखर घालायची. वसईहून मुलाच्या आईनं निरोप पाठवला होता, तोही गोड शब्दांत: "तुम्हाला आता एकटीला जमणार नसेल तर आम्ही इकडून आणू." आंटीनं निरोप आणणाऱ्याला चहासुद्धा दिला नाही.

"जमणार नाय म्हणते," ती मला म्हणाली. "माझ्या हातात काय जीव नाय?"

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी अंधेरी स्टेशनजवळच्या फळबाजारात गेलो. फळवाल्यानं आम्हाला बघून फडकं ओलं केलं आणि द्राक्षं पुसून चमकवायला घेतली. आंटीनं त्याचा हात धरला.

"पुसू नको रे! पेटी फोड. गवतातली दे. धुळीसकट दे."

"मौसी, धूल खाओगी क्या?"

"तू दे. धूळ माझी मी बघते."

मी शेजारी उभी. शरमेनं लाल. मनात म्हटलं, बिचारी अडाणी. हिला जंतू म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपण सांभाळून घ्यायला हवं. तेव्हा मला कुणी दोन लगावल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शिकलेल्या मुलींना कोण लगावतं?

शनिवारी दुपारी आंटी मॅगीला घेऊन वांद्र्याला शिंप्याकडे निघाली. पंधरा किलो द्राक्षं मोठ्या पातेल्यात होती. "फक्त देठ काढून ठेव," ती मला म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नको. येऊन मी चिरडते."

मी देठ काढले. मग वर गेले आणि परमँगनेटची पुडी घेऊन आले. तीन बादल्या गुलाबी पाणी केलं. पंधरा किलो द्राक्षं पाळीपाळीनं बुडवली, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढली, सालींवरची ती पांढुरकी पावडर उकळलेल्या फडक्यानं पुसून पुसून घालवली. द्राक्षं काचेच्या मण्यांसारखी चमकायला लागली. बरणीसुद्धा उकळत्या पाण्यानं धुतली. तरी वेळ उरला, म्हणून वरवरची द्राक्षं मुठीनं फोडून ठेवली, तेवढाच आंटीचा त्रास वाचेल. इतकी स्वच्छ वाईन अंबोलीत कधी झाली नसेल, या विचारानं मला फार बरं वाटलं.

आंटी आली. फोडलेली द्राक्षं बघून म्हणाली, "बाय माझी, सुरुवात पण केलीस?" आणि झग्याच्या बाह्या वर करून दोन्ही हात कोपरापर्यंत पातेल्यात घातले. ओठ हलत होते, प्रार्थना की जॉनी अंकलशी बोलणं, कळलं नाही. साखर घातली, मूठभर गहू घातले, सगळं बरणीत ओतलं आणि तोंडाला कापड बांधलं.

मग मला म्हणाली, "आता ऐक. उपासाचे चाळीस दिवस लागलेत. ईस्टरपर्यंत मी थेंब जिभेवर घेत नाय. जॉनी चाखायचा, तो नाय. मॅगीला सर्दी, तिला मीठ-साखर कळत नाय. तेव्हा हात माझा, जीभ तुझी."

मी आयुष्यात दारू हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारला नव्हता. पण नाही म्हणवलं नाही. रोज कामावरून येताना आंटीकडे एक चमचा, आणि वर घरी जाताना मूठभर बडीशेप. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले. त्यांनी कैऱ्या आणायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी नुसता गोड रस. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर आंटी बरणीला कान लावून जमिनीवर बसली होती.

"बोलत नाय," ती म्हणाली.

"काय बोलत नाही?"

"तिसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागते. चुर्र चुर्र करते, फेस वर येतो. कान लाव."

मी कान लावला. आत काही नव्हतं. माझ्या बरणीत कुठे काय जिवंत असणार?

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. आंबवण म्हणजे यीस्ट, हे मी परीक्षेत दहा गुणांना लिहिलेलं. यीस्ट फळाच्या सालीवर असतं, हेही लिहिलेलं. पण पुस्तकातलं यीस्ट आणि माझ्या फडक्याला लागलेली पांढरी पावडर, या दोघांची गाठ घालायला मला आणखी एक दिवस लागला. चौथ्या दिवशी, प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुताना, माझा हात थांबला. बाजारातलं 'धुळीसकट दे' कानात वाजलं.

संध्याकाळी सांगून टाकायचं ठरवूनच गेले. आंटी अंगणात दगडावर बसली होती, आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.

"मेले," ती म्हणाली.

"कोण?"

"हात. जॉनी घेऊन गेला बघ. त्याच्या हातात जीव होता, मला वाटायचं माझ्यात हाय. वसईवाली बरोबर बोलली."

या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. अंकलच्या मयतीतसुद्धा ती शववाहिनीच्या ड्रायव्हरला गाडी कशी वळवायची ते ओरडून सांगत होती. आता डोळ्यांत पाणी नव्हतं, पण बघवत नव्हतं. आणि मी, शूर, शिकलेली मुलगी, काय म्हणाले? चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "आंटी, चव बदलतेय हं. थोडी झणझणीत लागतेय."

तिनं झटकन मान वर केली. "खरं?"

"अगदी."

ती उठली, बरणीवर गोधडी टाकली, 'ऊब पायजे तिला' म्हणाली, आणि आदल्या संध्याकाळपासून उपाशी होती ती त्या रात्री जेवली, असं मॅगीनं मला सांगितलं. मला मात्र घास उतरेना. सासूबाईंनी आणखी दोन कैऱ्या आणल्या.

पाचव्या दिवशीही मी खोटं बोलले. सहाव्या दिवशी बरणीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली. आंटीनं कापड पुन्हा बांधलं. मग मॅगीला म्हणाली, अगदी शांतपणे, "वसईला कळव. वाईन तिकडून आणा म्हणावं."

मॅगी आतून कागद-पेन घेऊन आली. टेबलाशी बसली. तिनं वर तारीख लिहिली. 'प्रिय' लिहिलं. मी दारात उभी.

"आंटी, मी द्राक्षं धुतली."

"काय?"

"औषधाच्या पाण्यात. पुसून काढली. सालीवर जे पांढरं असतं त्यानंच ती आंबतात, ते सगळं मी घालवलं. चवसुद्धा बदलली नव्हती. मी खोटं बोलले. तुमच्या हातानं काही झालेलं नाही."

मॅगीचं पेन थांबलं. मी डोळे मिटून घेतले, ओरडा पडेल म्हणून.

ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला टेकून. "म्हणजे हात जिवंत हाय? मॅगे, ऐकलंस? हात जिवंत हाय! ह्या बयेनं द्राक्षांवरची साय पुसली!" हसता हसता डोळे पुसले, रुमाल डोक्यावर घट्ट केला, आणि मग मात्र तिनं मला जे झोडलं ते अर्ध्या गावठाणानं ऐकलं. माझं शिक्षण, माझी कंपनी, माझं डेटॉल, मला पदवी देणारे, काही सोडलं नाही. वरच्या खिडकीतून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं गं? कुणाशी भांडतेस?"

"भांडत नाय हो," आंटी खालून ओरडली, "शिकवतेय!"

मॅगीनं कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर दांडी मारली. बंगलोरीचा हंगाम सरत आलेला. अंधेरीत मिळाली ती सगळी पुसून चकचकीत केलेली. जोगेश्वरीत नाही. कांदिवलीला एका फळवाल्याकडे तळाची एक पेटी होती, न फोडलेली. मी दुकानात उभी राहून, चारचौघांत, ओरडले, "पुसू नका! धुळीसकट द्या!" लोक बघायला लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले, लहान मूल धरावं तशी.

आंटीनं बुरशी काढून टाकली. नवी द्राक्षं आधी एका लहान पातेल्यात चिरडली. "झोपलेल्याला एकदम उठवायचं नाय. आधी हिला जागवू, मग ही बरणीतल्यांना जागवेल." दोन दिवस ते पातेलं चुलीजवळच्या उबेला होतं. दुसऱ्या दिवशी त्यात बारीक बुडबुडे आले. ते तिनं बरणीत ओतलं. त्यानंतरची संध्याकाळ आम्ही तिघी बरणीभोवती कान देऊन बसलो. चर्चची घंटा झाली. कोंबड्या आत गेल्या. आणि मग आतून, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा, अगदी बारीक आवाज आला. चुर्र.

आंटीनं फक्त माझ्या हातात चमचा दिला.

पुढचे दिवस मी खरं ते सांगितलं. आज जिभेला टोचतेय. आज गोडी कमी झाली. आज साल बोलतेय, जीभ ओढतेय. 'मग गाळू,' ती म्हणाली, आणि गाळली. पण सगळं उशिरा झालं होतं. वाईनला निवळायला पुरेसे दिवस उरले नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. ईस्टर आला, उपास सुटला, तरी तिनं चाखली नाही. "आता लग्नात," म्हणाली.

लग्नाच्या दिवशी अंगणात मांडव. आंटी लाल चौकड्यांच्या लुगड्यात, कानात जड सोनं. वसईच्या बाई खुर्चीत बसलेल्या, उंच, सडपातळ, ओठ मिटलेले. आंटीनं बाटली माझ्या हातात दिली. "तू ओत."

"मी?"

"तू निस्तरलंस. तूच ओत."

मी ग्लास भरून पुढे केला. वसईच्या बाईंनी ग्लास उजेडात धरला. वास घेतला. एक घोट घेतला आणि तोंडात ठेवला. बँडवाले थांबले होते. मॅगी हातातला रुमाल चुरगाळत होती. बाईंनी घोट गिळला आणि आंटीकडे बघून म्हणाल्या, "कोवळी हाय."

मला मांडवाच्या खांबात शिरता आलं असतं तर शिरले असते.

"हो," आंटी म्हणाली. "माझ्या पोरीसारखी. तुमच्या घरी जाऊन पिकेल."

बाईंचे मिटलेले ओठ कडेला जरासे हलले. त्यांनी ग्लास संपवला, सगळा, आणि उलटा करून दाखवला. बँड सुरू झाला.

त्याच आठवड्यात आम्ही मुलुंडला राहायला गेलो. नवऱ्यानं तिथे जागा घेतली होती. अंबोलीला येऊन जाईन, असं मी आंटीला तीनदा सांगितलं. मुलुंड काही अमेरिकेत नाही. तरी मी गेले नाही. दिवस गेले, ते या खेपेला खरोखरच, मग बाळ, मग नोकरी, आणि गेले तेव्हा त्या जागी इमारतीचा पाया खणलेला होता. आंटी मॅगीकडे वसईला गेली, एवढंच कळलं.

म्हणून मला ती दिसते ती लग्नाच्या संध्याकाळचीच. पाहुणे निघून गेले होते, मॅगी गेली होती. मी आमच्या मागच्या खिडकीत सामान बांधत होते. खाली आंटी रिकाम्या मांडवात एकटी बसली होती, वहाणा काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून. तिनं बाटलीत उरलेली वाईन ग्लासात ओतली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती चाखणार होती. मी दोरीची गाठ हातात धरून तशीच थांबले.

तिनं घोट घेतला. बराच वेळ गिळला नाही. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलली. मग तिनं तोंड वाकडं केलं, अगदी मनापासून वाकडं केलं, आणि ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.